धुतलेला स्पंज

सुलभाचा नवरा शैलेंद्र अचानक गेला, तेव्हा अमेरिकेतल्या बॉथेल गावच्या त्या घरात माणसांची रीघ लागली. महाराष्ट्र मंडळातली माणसं डबे घेऊन येत होती, न्यू जर्सीहून दीर-जाऊ आले होते. सुलभाला हातांना काहीतरी काम हवं होतं. तिने पडदे धुतले, उशांचे अभ्रे धुतले, गराज झाडलं. चार माणसांत बरं दिसावं म्हणून हॉलमधली माशांची टाकीही साफ करायला घेतली.

टाकी शैलेंद्रची. इतक्या वर्षांत तिने तिला बोटही लावलं नव्हतं. फिल्टर उघडला तर आतला स्पंज तपकिरी, बुळबुळीत. "किती घाण साठवून ठेवलीस रे," ती नकळत त्याच्याशीच बोलली आणि गरम पाण्याच्या नळाखाली स्पंज पिळत राहिली, अगदी स्वच्छ होईपर्यंत.

पाहुणे गेले आणि पाणी गढूळ झालं. मासे वर येऊन तोंडं उघडमीट करू लागले.

"आई, दे कान्ट ब्रीद!" अकरा वर्षांची आन्या दप्तरही न उतरवता ओरडली.

सुलभाने शैलेंद्रच्या खणातून पाणी तपासायचं किट काढलं. काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घेऊन त्यात थेंब टाकले. पिवळं राहायला हवं होतं, ते गर्द हिरवं झालं. अमोनिया. माशांच्या विष्ठेतूनच तयार होणारं विष. मग आजवर ते कुठे जात होतं?

उत्तर सुचलं आणि तिने वळून फिल्टरकडे पाहिलं. लॅबमध्ये रोज जिवाणू वाढवणारी बाई ती! त्या तपकिरी थरातले जिवाणूच हे विष पचवत होते. शैलेंद्रने वर्षानुवर्षं जपलेले. आणि तिने ते कढत पाण्याने धुऊन टाकले होते.

मग तिने जंग जंग पछाडलं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवायचं औषध टाकून रोज थोडं थोडं पाणी बदललं, माशांचं खाणं जवळपास बंद केलं. मंडळातल्या मालिनीने आपल्या टाकीतल्या मळक्या स्पंजचा तुकडा आणून दिला. पण जिवाणू सावकाश वाढतात आणि माशांना तेवढी सवड नव्हती. शैलेंद्रची चाहूल लागली की काचेपाशी येणारा म्हातारा एंजलफिशही एका सकाळी आडवा तरंगताना दिसला.

"व्हाय आर दे डाइंग?" आन्याने विचारलं.

रोग आला म्हणून सांगता आलं असतं.

"माझ्यामुळे," सुलभा म्हणाली. "मी तो स्पंज धुतला, बाळा. धुवायचा नव्हता."

आन्या उसळली. "यू वॉश एव्हरीथिंग! बाबाची उशी पण धुतलीस. आता नुसता साबणाचा वास येतो."

सुलभा तिथेच खाली बसली. तो गेल्यापासून न आलेलं रडू आता आवरेना. आन्या हळूच म्हणाली, "त्याचा ग्रे स्वेटर माझ्याकडे आहे. आय हिड इट. फ्रॉम यू."

"नाही गं धुणार."

"टच पण नाही करायचा."

"नाही करणार."

एकदाच हुंगू दे, असं ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी किटच्या नळीतलं पाणी पिवळं राहू लागलं. तळाशी एक कॅटफिश तेवढा वाचला होता. आन्या त्याला रोज खाऊ घालायची, आणि सुलभा जवळ आली की झाकण लावून आपल्या खोलीत जायची.