चौथी खेप

"आज खुर्चीवर बसा भाऊ," म्हणत गिरजानं पदरानं खुर्ची पुसली. आधीच्या तिन्ही खेपांना अश्वजित खाटेवर बसला होता. आज दारात सडा होता, बशीत पोहे होते आणि पोरीच्या सर्टिफिकेटांची पिशवी खुंटीवरून उतरवून समोर ठेवलेली होती.

अश्वजित रोजगाराच्या सर्वेक्षणात कंत्राटावर होता. ठरलेल्या घरी सलग चार महिने जायचं, प्रत्येकानं गेल्या सात दिवसांत काय काम केलं ते विचारायचं, टॅबमध्ये भरायचं आणि त्या घराला रामराम ठोकायचा. सरकारी माणूस दिसला की मूल तालुक्यातल्या या खेड्यांत घरोघर कड्या लागतात. गिरजा मात्र चहा टाकायची. यातून लाभ काही मिळत नाही, हे ठरीव वाक्य त्यानं पहिल्याच दिवशी भरभर उरकलं होतं. मागच्या महिन्यात तिनं विचारलं, "पोरीच्या नोकरीचं होईल ना भाऊ?" "होईल बाई," तो म्हणाला. उचलली जीभ, लावली टाळ्याला!

तिचा नवरा घनश्याम तलावावर मासे धरायला गेला होता. त्याचे सात दिवस गिरजानंच सांगितले. मग पाळी आली पोरीची, नंदिनीची. नर्सिंगचा कोर्स करून ती दोन वर्षं घरी बसली होती.

"या आठवड्यात काम शोधलं का?"

उत्तर गिरजानं दिलं. "आता काऊन शोधन ते? पंधरा दिवसाआधी मूलच्या दवाखान्यातून बोलावनं आलं होतं. मी त सांगून देलं, नाई येत मनून. इथी सरकारी साहेब दर महिन्याले चौकशीले येऊन राह्यले, अन् मंधातच पोरगी दुसरीकडं कशी धाडाची?"

अश्वजितनं पोह्यांची बशी खाली ठेवली.

"ती जागा... अजून आहे?"

"भरली, सर," नंदिनी म्हणाली. "मलेही वाटलं होतं, तुमी त्याच्यासाठीच येता."

त्याला स्वतःची शरम वाटली. तरी पुढचा प्रश्न विचारावाच लागला. "दुसरं कोणतंही काम? तासभर तरी?"

"रविवारी बाबासंगं जाळं ओढलं. दीडेक तास."

सात दिवसांत एक तास भरला की माणूस बेरोजगार राहत नाही. नियमच तसा आहे. त्यानं नोंद केली.

"काय लिवलं भाऊ?" गिरजा पुढे वाकली.

आता आणखी खोटं बोलवेना. "कामावर आहे, असं."

गिरजा ताडकन उठली. देवापुढची साखरेची वाटी आणून तिनं चिमूटभर साखर त्याच्या तळहातावर ठेवली. तिचे डोळे भरून आले होते. "लागलं व माय! नंदे, लागलं तुयं! कुठी हजर व्हाचं आहे, भाऊ?"

अश्वजितनं साखरेवर मूठ मिटली. आपलं येणं आजच संपतंय, हेही अजून सांगायचं होतं.

नंदिनीनं पिशवीची गाठ नीट मारली आणि ती पुन्हा खुंटीला अडकवली. शेजारच्या खुंटीवरचं जाळं काढून खांद्यावर घेतलं.

"तलावावर, माय," ती म्हणाली आणि बापाचा डबा घेऊन निघाली.

गिरजा साखरेची वाटी धरून तशीच उभी राहिली.