गव्हावरचं दळण

आमच्या चारुताची एक खोड मला कधीच खपली नाही. चोरी पकडली गेली की माणसानं एक तर कबूल व्हावं, नाहीतर कचाकचा भांडावं. ही दोन्ही करत नाही. मान खाली घालते आणि भाकरीचे तुकडे करत बसते. दिवाळीआधीच्या त्या दुपारीही तसंच. कालवणात तुकडा बुडवला, वर काढला, परत बुडवला.

"खा ना," मी म्हटलं. "का बाहेरून पोट भरून आलीस?"

"नाय, माई. पोट फुगलंय."

"उगाच नाय फुगत कोणाचं."

माझी सून रूपल ओट्याशी होती. तिनं पातेलं जरा जोरात ठेवलं. सासूशी तोंडानं न बोलता भांड्यांनी बोलायचं, ही तिची रीत.

चारुता माझ्या ललितची एकुलती एक मुलगी. पंधरा पुरी, दहावीत, पण वर्गात उभी राहिली तर सातवीतली चुकून आली असं वाटावं. अजून शहाणी झालेली नाही, न्हाण आलेलं नाही. केस विंचरले की फणीत पुंजका येतो. दोन वर्षांपूर्वी पालघरच्या डॉक्टरीणबाईंनी तिचं रक्त तपासलं, मग मुंबईला पाठवून घशातून नळी घालून आतड्याचा कण काढून पाहिला. नाव निघालं सिलिॲक. गहू पोटात गेला की हिचं आतडं आतून झिजतं आणि मग मासे खा, अंडी खा, अंगी काहीच लागत नाही. गोळीनं बरं होणारं दुखणं नव्हे. गहू, रवा, मैदा, जव जन्मभर बंद, हाच उपाय.

तेव्हा मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं होतं, "यात काय मोठं? आमी माकुणसारची वाडीवाली माणसं. आमच्याकडे तांदळाची भाकरी. गहू आला तो लग्नाकार्याला, नायतर ललितच्या पोळीपुरता."

आणि भाकरीचं मला कोणी सांगू नये. मी तिसरीनंतर शाळा पाहिली नाही, पण माझी भाकरी कडेला चिरत नाही आणि दुमडली तर मोडत नाही. पोरीबाळी बघायला येतात.

रूपलनं मात्र घर उलटंपालटं केलं. गव्हाचा डबा गेला, पोळीचा तवा गेला, हिंगाची डबीसुद्धा फेकली, का तर हिंगात गव्हाचं पीठ मिसळतात. ललित बोईसरला कारखान्यात जातो, तो पोळी तिकडे कँटीनमध्येच खायला लागला. चार महिने पोरीच्या गालावर जरा तेज आलं. मग अडलं ते अडलंच. दिवाळीच्या तोंडावर रक्ताचा कागद आला तर गहू पोटात गेला की चढणारा तो आकडा होता तिथेच.

"कुठून तरी गहू पोटात जातोय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रोज जातोय."

दवाखान्याचं दार उघडं होतं. बाहेर बाकांवर दहा-बारा माणसं, त्यातली दोन तर आमच्या आळीतली. मी आवाज खाली केला नाही.

"घरात नाय जात. ही चोरून खाते. दप्तरात बिस्किटाचा कागद सापडलाय मला."

"तो वर्गातल्या शिल्पाचा होता, माई. मी वाचायला आणलेला. मागं बारीक लिहिलेलं असतं, कशात काय घातलंय ते. मी यादी करते."

"कागद वाचायला कोण घरी आणतं?"

तिनं डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं, आपल्या आईकडे पाहिलं. मग मान खाली. म्हटलं ना, खोड.

शाळेला दिवाळीची सुट्टी लागली तेव्हा मी घरात सांगून टाकलं, "एकवीस दिवस ही माझ्या डोळ्यांसमोर राहील. कोणाच्या घरी जायचं नाय, केळव्याच्या बाजारात नाय, मैत्रिणी नाय. माझ्या हातचं खाईल. मग बघू आकडा कसा उतरत नाय."

रूपल म्हणाली, "माई, ती काय कैदी हाय?"

"चोर हाय," मी म्हटलं. पोर दाराआडच उभी होती.

एकवीस दिवस मी तिला नजरेआड होऊ दिली नाही. सकाळी दोन भाकऱ्या, संध्याकाळी दोन. वालाचं बिरडं, सुक्या बोंबलाची चटणी, वाडीतली केळी. मी समोर बसायचे, ती खायची. शाळेत डब्यातली अर्धी भाकरी मैत्रिणींना वाटायची, इथे वाटायला कोणी नव्हतं. फराळालाही घरात गहू शिवला नाही. पहिल्या आठवड्यात तिला जुलाब लागले. मी म्हटलं, जुनं निघतंय. दुसऱ्या आठवड्यात उलट्या. तिसऱ्यात ती पाडव्याला घेतलेला नवा फ्रॉक घालून आली तर खांद्यावरून उतरत होता आणि पोट तेवढं पुढं.

तुळशीच्या लग्नाचं तोरण बांधायला मी तिला स्टुलावर चढवत होते. ती चढली नाही. भिंतीला टेकून खाली बसली आणि माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "आता कुठं खाल्लं मी? सांग ना, माई. एकवीस दिवस तूच समोर बसलीस."

मी तोरण खाली ठेवलं आणि तिला उठवून खाटेवर नेलं.

चार भाकऱ्यांच्या हिशोबानं पीठ लवकर संपलं. दळण नेहमी ठमी नेते, वाडीत कामाला येणारी. त्या दिवशी बसवत नव्हतं म्हणून मीही तिच्याबरोबर निघाले. किती वर्षांनी गेले असेन गिरणीत, कोण जाणे.

चिंतूच्या गिरणीत डबे रांगेत लावलेले होते. गव्हाचे एकीकडे, तांदळाचे दुसरीकडे. चिंतू आधी सगळे गहू उरकतो, मग जातं झाडतो, मूठभर तांदूळ टाकून पहिलं पीठ बाजूला काढतो आणि मग तांदळाची पाळी लावतो. बायका त्या पाळीची वाट बघत बसल्या होत्या. मला पाहून चिंतू उठला.

"माई स्वतः आल्या? अरे, सरका. माईंचा डबा आधी."

त्यानं चालू दळण थांबवलं. कोणाच्या तरी गव्हाचं पीठ ओढून काढलं आणि आमचे तांदूळ तसेच वर ओतले. कापडी नळीतून पहिलं पीठ पडलं ते पिवळट होतं. मग पांढरं.

हे मी पूर्वीही पाहिलं होतं. नवीन लग्न होऊन आले तेव्हापासून. यजमानांच्या नावानं आमचा डबा कधी रांगेत लागला नाही. मोठ्या घरचा मान. मी त्याच मानानं इतकी वर्षं मिरवले.

"आज गव्हावरच टाकलंस?" मी चिंतूला विचारलं.

त्याच्याआधी दमयंती बोलली. आमच्या आळीतलीच, त्या दिवशी दवाखान्यात बाकावर बसलेली. "आजच नाय, माई. तुमचं कायम गव्हावरच पडतं. आमी तांदळाच्या पाळीला थांबतो. मोठ्या घराला थांबायला वेळ कुठंय?" आणि शेजारणीला हळूच, पण मला ऐकू जाईल असं म्हणाली, "गव्हाचा हात लागला की कोणाचीही भाकरी लवेल."

मी ठमीकडे वळले. "दर खेपेला असंच?"

"दर खेपेला," ठमी म्हणाली. "तुमचा नंबर असतो कुठं?"

"मग बोलली का नाय मला?"

"तुमी इचारलं कवा?"

डबा डोक्यावर घेऊन ठमी पुढं, मी मागं. लपवत नाही, वाटेत मनात पाप आलं. ललितला सांगून घरी छोटी चक्की आणवली असती, गुडघ्यांचं निमित्त केलं असतं. पोर बरी झाली असती, मीही मोठी राहिले असते. ठमी कोणाला सांगणार? दमयंतीला आकडा कुठं कळतो? वळणावरच्या पुलापर्यंत मी हे सगळं ठरवूनसुद्धा टाकलं होतं. पुलावर थांबावं लागलं, गुडघे खरोखरच भरून आले होते. ठमीनं डबा उतरवला आणि झाकणाला लागलेलं पीठ बोटानं पुसलं. मला त्या बोटाकडे बघवेना; तेच पीठ मी पोरीला रोज भरवलं होतं.

घरी आले तर रूपल ताटं घेत होती, ललित रविवारचा घरी होता. चारुता पानावर बसलेली, तीच खाली मान. तव्यावर मी सकाळी करून ठेवलेल्या भाकऱ्या होत्या. त्या मी उचलल्या, मागल्या दारी नेऊन गोठ्यात म्हशीपुढं टाकल्या. परत येऊन पोरीला भात वाढला.

"भाकरी कुठं गेली?" ललितनं विचारलं.

मी पाटावर बसले नाही. उभ्यानं बोलायचं होतं.

"चारू, वर बघ. तुझ्या पोटात रोज गहू जात होता तो माझ्या डब्यातून. तांदूळ गव्हावर दळून येत होते, कारण मला रांगेत थांबायचं नव्हतं. एकवीस दिवस मी तुला समोर बसवून तेच भरवलं, आणि वर चोर म्हटलं. उद्या आपण दोघी पालघरला जायचं. त्या बाकांवर जी माणसं असतील त्यांच्यासमोर, दार उघडं ठेवून, मी हे डॉक्टरीणबाईंना सांगणार हाय. तू तिथं काय बोलायचं नाय, नुसतं बसायचं. माफी दे नायतर नको देऊस, ते तुझं तू बघ. पण माझ्या तोंडून एवढं ऐकून ठेव, या घरात दोन वर्षं खरं बोलणारी तू एकटी होतीस."