दुसऱ्याच्या खोळीत

मित्रांनो, ज्याला आवाज गिळण्यासाठीच घडवलं, तो आज बोलायला बसलाय. तेव्हा जरा सांभाळून घ्या. मी शिकारीच्या रायफलीचा सायलेन्सर आहे. मोटारसायकलीच्या मागे धूर ओकतो तो नव्हे. तो माझा लांबचा भाऊ, आणि आमचं येणंजाणं नाही. मी रायफलीच्या नळीच्या तोंडावर बसतो. आता वय झालंय, काळा रंग जागोजागी उडालाय, पण स्वभाव गेला नाही. मला स्वस्थ बसवत नाही. फळीवर ठेवलं की वाटतं, कधी एकदा नळीवर चढतो. आणि चढलो की वाटतं, आटे नीट बसलेत ना?

माझा जन्म फिनलंडमधल्या एका छोट्या कारखान्यात, लेथवर झाला. पोटात पडद्यामागे पडदे बसवले, बाहेरून काळा रंग दिला आणि खोक्यात घातलं. सिनेमात माझे जातभाई पाहून तुमचा गैरसमज झाला असेल. तिथे बंदूक नुसती फुसकन बोलते. खरं तसं नसतं. गोळी सुटली की आवाज होतो आणि तो जंगलभर जातो. त्यातला कानाचे पडदे फाडणारा भाग तेवढा मी गिळतो. गरम वारा माझ्या एकेका पडद्याला अडखळत, दमत बाहेर पडतो. आमच्याकडे याला कुणी चोरटं काम मानत नाही. इथे शिकाऱ्यांच्या घरात रबरी बुटांच्या शेजारी मी असतोच.

मला विकत घेतलं ते इर्याने, नवऱ्यासाठी. ताइस्तो तिचा नवरा, पूर्वेकडच्या जंगलातला शिकारी. तरुणपणापासून उघड्या नळीने गोळ्या झाडून त्याचा डावा कान गेला होता. त्या कानात दिवसभर चहाचं आधण ठेवल्यासारखी शिट्टी वाजायची. उजवा कान तेवढा शिल्लक होता, आणि इर्याला तो वाचवायचा होता. कारण आमच्याकडे मूसची शिकार कानाने होते. मूस म्हणजे घोड्याहून उंच हरीण. कुत्रं त्याला जंगलात शोधतं, समोर उभं राहून भुंकत त्याला खिळवून ठेवतं आणि शिकारी त्या भुंकण्याच्या दिशेने जातो. बाकीचे लोक कुत्र्याच्या पट्ट्यातलं यंत्र फोनवर बघतात. ताइस्तो मात्र उभा राहून, डोकं उजवीकडे कलंडवून ऐकायचा.

मला पहिल्यांदा नळीवर पाहून इर्याचा भाऊ वेइयो म्हणाला, "काय दाजी, बंदुकीला सर्दी झाली का? तोंडाला काय बांधलंय?"

"आणला तुझ्यासाठीच होता," ताइस्तो म्हणाला. "तुझ्या तोंडाला आटे नाहीत म्हणून हिला बसवला."

वेइयो असा. एकटा राहायचा, पण तोंडाला विश्रांती नाही. त्याने नाक मुरडलं खरं, पण लगेच त्यालाही हवासा झाला. इर्याने मग भावालाही माझ्यासारखाच एक आणून दिला. दोघांच्या रायफली एकाच जातीच्या, आम्हीही जुळे. मात्र जुळ्यांचेही स्वभाव वेगळे असतात. एक सायलेन्सर गोळीला किंचित इकडे ढकलतो, दुसरा किंचित तिकडे. म्हणून ज्याच्याबरोबर नेम बसवला तोच कायम वापरायचा असतो. ताइस्तोने मला बसवून चांदमारीवर सबंध दिवस घालवला होता. वेइयोही गेला होता चांदमारीवर. कॉफी प्यायला, सॉसेज भाजले, गप्पा मारल्या आणि परत आला. त्याची रायफल तेव्हापासून डावीकडे मारायची, आणि दोष वाऱ्याला जायचा.

ताइस्तोची कुत्री हिप्पू. तांबूस, शेपटी गुंडाळलेली. पिल्लू असताना तिने मला एकदा पायरीवरून पळवलं आणि गोठ्यामागे बसून मनसोक्त चावलं. माझ्या अंगावर तिच्या दातांचे खड्डे आहेत. इर्या चिडली, रंग लावून आण म्हणाली. ताइस्तोने त्या खड्ड्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "राहू दे. तिची सही आहे ती." तेव्हा इर्याने ते व्रण झाकायला माझ्यासाठी लोकरीची खोळ विणली, करडी, लाल पट्टीची. भाऊ रुसू नये म्हणून त्याच्या सायलेन्सरला हिरवी विणली. मला वाटलं, बरं झालं, थंडीची सोय झाली. पण त्या दिवसापासून मला कुणी पाहिलंच नाही. सगळे खोळ पाहायला लागले.

कितीतरी शरद ऋतू चांगले गेले. ताइस्तो फार वेळा गोळी झाडायचा नाही, पण झाडली की मूस जागच्या जागी बसायचा. गावच्या शिकारमंडळातले लोक म्हणायचे, "ताइस्तोच्या रायफलीचा आवाज आला की सुऱ्या काढा." अशा वेळी मला नळीवर बसून मिरवावंसं वाटायचं. संध्याकाळी मात्र मला काढून ठेवणं भाग असतं. गोळी झाडल्यावर माझ्या पोटात दमट वाफ राहते आणि तसाच ठेवला तर मी नळीला गंज चढवतो. म्हणून शिकारीच्या झोपडीत भट्टीवरच्या फळीवर आम्ही सगळे सायलेन्सर ओळीने सुकत असतो, कॉफीच्या मगांच्या शेजारी. खाली दोरीवर खोळी आणि हातमोजे.

त्या ऑक्टोबरात रोज बर्फाळ पाऊस पडत होता. एका सकाळी लोकांनी कॉफीला तोंड लावलं नव्हतं तोच हिप्पू पट्टा सोडवून निसटली आणि जवळच्या दलदलीकडून तिचं भुंकणं ऐकू आलं. तिने मूस उभा केला होता. एकच धावपळ उडाली. ताइस्तो बूट चढवत होता. वेइयोला मदतीची हुक्की आली. त्याने फळीवरचे दोन सायलेन्सर ओढले, दोरीवरच्या दोन खोळी ओढल्या, भराभर चढवल्या आणि लाल पट्टीवाला दाजीच्या हातात दिला.

मित्रांनो, मी हिरव्या खोळीत होतो.

मला लगेच कळलं. नळीचे आटे ओळखीचे नव्हते, तेलाचा वासही वेगळा. मी वेइयोच्या खांद्यावर हिंदकळत होतो आणि मनात ओरडत होतो, अरे, खोळ काढून बघा. पण ज्याचा धंदाच आवाज दाबण्याचा, त्याचं कोण ऐकणार?

त्या सकाळी ताइस्तोची गोळी मूसच्या वरून गेली.  असं कुणाचंही होतं. त्या आठवड्यात भिजून आल्यावर कुणी खोळी उतरवल्याच नाहीत, आम्ही खोळीसकटच भट्टीवर सुकलो. पुढच्या शनिवारी त्याने तोडलेल्या रानाच्या कडेला उभ्या असलेल्या नरावर गोळी झाडली, आणि ती मागच्या पायाला लागली. जखमी जनावर तीन पायांवर जंगलात शिरलं. अशा वेळी शिकार थांबते आणि सगळे त्या एकाच जनावराच्या मागे जातात. ते हाल संपवणं हे पहिलं काम असतं. दुपार उलटून गेल्यावर हिप्पूने त्याला गाठलं आणि दुसऱ्या कुणीतरी शेवटची गोळी घातली. ताइस्तो त्या नराजवळ टोपी काढून उभा राहिला. त्याचा चेहरा मी वेइयोच्या खांद्यावरून पाहिला. तो आठवला तरी आजही सहन होत नाही.

त्याच शनिवारी, पाठलागाला निघण्याआधी, वेइयोने एक मोठा नर एका गोळीत पाडला होता. ज्या माणसाच्या गोळ्यांनी आजवर बर्चची झाडंच जास्त घायाळ झाली, त्याने. त्याची रायफल डावीकडे मारायची, मी उजवीकडे ढकलायचो, आणि दोन चुकांचं बरोबर झालं होतं. संध्याकाळी झोपडीत तो हातवारे करून सांगत होता, "मी श्वास रोखला. बोट हळूच आवळलं. शेवटी हात लागतो, हात."

"शाबास," ताइस्तो म्हणाला. एवढंच.

वेइयो ताइस्तोला घरी सोडायला गेला, तेव्हा मी गाडीत मागच्या सीटवर होतो. इर्या गाडीपाशी आली होती. ती नवऱ्याला म्हणाली, "उद्या चांदमारीवर जा. कागदावर दोन गोळ्या मारून बघ, काय बिघडलंय ते कळेल."

"काय कळायचंय? रायफल तीच, दुर्बीण तीच, सायलेन्सरही तोच. तुझीच लाल पट्टी आहे त्याच्यावर. बदललंय ते माझं वय. डॉक्टरने उन्हाळ्यात मोतीबिंदू म्हटलंच होतं."

"सुरुवात आहे म्हणाला होता."

"सुरुवातीलाच एक जनावर दिवसभर तडफडलं, इर्या. शेवटाची वाट बघू?" मग तो वेइयोकडे वळला. "हिप्पू तू घेऊन जा. पुढच्या शनिवारी मंडळाच्या मेजवानीत सगळ्यांसमोर देतो. ती तरुण आहे. मी घरी बसलो म्हणून तिने का बसायचं? आणि आता तुझा हात बसलाय."

 वेइयो म्हणाला, "दाजी, मी तिला लोणी लावून पाव देईन."

"देऊ नकोस. पोट बिघडतं तिचं."

मी मागच्या सीटवर होतो. आटे तुटेपर्यंत थरथरावंसं वाटत होतं. चांगल्या डोळ्यांचा माणूस स्वतःला आंधळा समजत होता, आणि खरं काय ते एकट्या मला माहीत होतं.

आता गंमत ऐका. वेइयोने जन्मात कधी सायलेन्सर पुसला नव्हता. पण आता तो स्वतःला नामांकित शिकारी समजायला लागला. नामांकित शिकारी आपलं सामान चकचकीत ठेवतो. मंगळवारी त्याने टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, तेल घेतलं, फडकं घेतलं आणि शीळ घालत माझी हिरवी खोळ उतरवली.

शीळ थांबली.

त्याने मला खिडकीशी नेलं. दातांच्या खड्ड्यांवर नख फिरवलं. मग खुर्चीत बसला तो बसलाच. थोड्या वेळाने त्याने मला पुन्हा खोळ घातली. पुन्हा काढली. पुन्हा घातली. माझा जीव नुसता टांगणीला. तेवढ्यात इर्याचा फोन आला. तिचा आवाज मला ऐकू येत होता. "तो जेवत नाही रे. हिप्पूची ताटली घासून पिशवीत भरून ठेवलीय."

"हं," वेइयो म्हणाला.

"तू ठीक आहेस ना? एवढा गप्प कसा?"

"हं."

ज्या माणसाचं तोंड बंद करायला मी हवा होतो, तो आपला आपणच बंद झाला होता. त्याचं मला कळत होतं. आयुष्यात पहिल्यांदा लोकांनी त्याला शाबास म्हटलं होतं, आणि हिप्पूसारखी कुत्री दारात येणार होती. शुक्रवारी तो मला खिशात घालून झोपडीवर गेला. गुपचूप अदलाबदल करायचा बेत असावा. पण ताइस्तोची रायफल तिथे नव्हती. ती त्याने घरी कपाटात कुलूप लावून ठेवली होती. आणि नुसती अदलाबदल करून काय होणार होतं? ताइस्तो पुन्हा रायफल हातात घेणारच नव्हता. बोलल्याशिवाय सुटका नव्हती.

शनिवारी मेजवानी होती. शिकार संपली की मंडळ गावाला आणि जंगलमालकांना मूसच्या मांसाचं सूप घालतं. सभागृहात मोठमोठी पातेली उकळत होती, टेबलांवर काळा पाव आणि लोणी. मी वेइयोच्या जाकिटात होतो. मंडळाची प्रमुख सिर्का हिने पळी आपटून सगळ्यांना गप्प केलं. ताइस्तो उठला. हिप्पूचा पट्टा त्याच्या हातात होता.

"मला फार बोलता येत नाही," तो म्हणाला.

"मग बस," वेइयो उभा राहिला. "मी बोलतो."

लोक हसले. त्यांना वाटलं, नेहमीचं चाललंय. वेइयोने मला बाहेर काढलं, हिरवी खोळ उपसली आणि लोण्याच्या बशीशेजारी ठेवलं. इतक्या माणसांनी माझ्याकडे एकदम कधीच पाहिलं नव्हतं.

"दाजी, हिप्पूची सही. वाच."

ताइस्तोने मला उचललं. त्याचा अंगठा आपोआप त्या खड्ड्यांत जाऊन बसला. "हा तर माझा."

"तुझाच. त्या सकाळी खोळी मी चढवल्या. तू माझ्या सायलेन्सरने मारत होतास, मी तुझ्या. तुझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही." मग तो म्हणाला, "माझ्या हातालाही काही झालेलं नाही. होता तसाच आहे."

मागून कुणीतरी म्हणालं, "तरीच." हशा उसळला. वेइयोचे कान लाल झाले, पण तो उभा राहिला.

ताइस्तो हसला नाही. "कळलं कधी तुला?"

"मंगळवारी."

"आज शनिवार आहे."

"हो, दाजी."

 इर्या भावाकडे बघत होती. ताइस्तोने मला हळूच जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवलं. हिप्पूचा पट्टा स्वतःच्या मनगटाला गुंडाळला, एकदा, मग आणखी एकदा. मग शेजारची खुर्ची पायाने मागे सरकवली.

"बस," तो वेइयोला म्हणाला. "सूप गार होतंय."

दुसऱ्या दिवशी चांदमारीवर कागदाच्या मधोमध भोक पडलं. ताइस्तो बराच वेळ ते भोक बघत राहिला आणि मग त्याने नाक शिंकरलं. दुपारी वेइयोलाही तिथे नेलं, त्याच्या स्वतःच्या सायलेन्सरसकट, आणि नेम बसेपर्यंत कॉफीचा थर्मास गाडीत कुलपात ठेवला.

इर्याने माझी खोळ उसवून पुन्हा विणली. आता तिला एक खिडकी आहे, बरोबर दातांच्या व्रणांवर. तिथून थंडी वाजते, पण मी तक्रार करत नाही. रोज संध्याकाळी फळीवर ठेवला की आधी मी शेजारी कोण आहे ते बघून घेतो. स्वस्थपणा काही माझ्या नशिबात नाही.

मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखं कुणी असेल तर त्याला सुकवा, पुसा आणि अधूनमधून खोळ काढून बघा. आणि दुसऱ्या कुणाचं दुखणं थांबवेल असं काही तुम्हाला ठाऊक असेल, तर मंगळवारचं शनिवारवर ढकलू नका. आवाज गिळायला मला घडवलंय. तुम्हाला कुणी तसं घडवलेलं नाही.