घुंघटातला एक्स

हिंदी मुलखातल्या पिपलानीच्या शाळेत इंदुमतीबाई शितोळ्यांचा दरारा मोठा. शाळेच्या नेटवर मुलांना व्हिडिओ दिसू नयेत म्हणून बंदी घातलेली, आणि ती उघडणारा पासवर्ड बाईंच्या हाती. तो त्या दागिन्यांसारखा जपत.

शेजारच्या क्वार्टरमधली अनुराधा त्यांच्याच आठवीच्या वर्गात होती. घरी त्यांना काकू म्हणणारी ही पोर एकदा शाळेत चाचरत म्हणाली, "मॅडम, बीजगणित समझतच नाही. घरी नेट नाही. लॅबमध्ये एखादा व्हिडिओ बघू देता का?"

बाईंनी भर वर्गात तिला झापलं. "ज्यांचं लक्ष फळ्याकडे नसतं ना, त्यांनाच व्हिडिओ लागतात!" वर्ग हसला. अनुराधाची मान खाली गेली ती घंटा होईपर्यंत वर आली नाही.

आता खरं सांगायचं तर बाई भूगोलाच्या. गणिताचे सर निवृत्त झाले आणि तो वर्ग बाईंच्या गळ्यात पडला. नाही म्हणायला जीभ रेटली नाही. तेव्हापासून रोज प्रार्थनेआधी लॅबचं दार लावून त्या इंदूरच्या कुणा मास्तरांचे व्हिडिओ बघत आणि तेच फळ्यावर उतरवत. मास्तरांचा विनोदसुद्धा उचललेला. वर्गात मात्र सांगत, "हे माझ्या वडिलांनी शिकवलं, ग्वाल्हेरला."

पालकसभेला हॉल भरला होता. मुलं आईबापांशेजारी बसली होती. प्रिन्सिपॉलसाहेबांच्या सांगण्यावरून बाईंनी पडद्यावर बंदी दाखवली. मुलांच्या खात्यातून काही म्हणता काही उघडेना. टाळ्या पडल्या. बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"अब अपना वाला भी दिखाइए, मैडम," साहेब कौतुकानं म्हणाले.

बाईंनी पासवर्ड घातला आणि पडदाभर इंदूरचे मास्तरच मास्तर दिसू लागले. सगळे आठवीचे धडे, सगळे अर्धवट पाहिलेले. बाई ते बंद करायला गेल्या आणि नेमका एक सुरूच झाला.

"बच्चों, एक्स कोई भूत नहीं है. घूँघट में बैठी बहू है..."

"घूँघट उठाओ, बहू देखो!" आठवीच्या पोरांनी सवयीनं सुरात पुरं केलं. मग ती एकमेकांकडे बघायला लागली. मागून कुणीतरी खुसखुसलं. साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. बाईंना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

तेवढ्यात अनुराधा उठून पुढे आली. तिनं आवाज बंद केला आणि साहेबांना म्हणाली, "सर, ये मैंने माँगे थे. मैडम पहले खुद देखकर जाँच रही थीं, हमारे लिए ठीक हैं कि नहीं."

सारा हॉल बाईंकडे बघू लागला. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता.

बाईंनी मान डोलावली.

"वाह, इतनी मेहनत!" साहेब म्हणाले. पुन्हा टाळ्या पडल्या, आधीपेक्षा जोरात. बाईंची नजर जमिनीवरून हलेना. ज्या पोरीचं आपण वर्गात हसं केलं, तिच्याच खोट्यावर आपण उभ्या आहोत, ही लाज त्यांना मुळापासून जाळत गेली.

सभा संपल्यावर व्हरांड्यात अनुराधा हळूच जवळ आली. "काकू, मग सोमवारपासून बघू ना मी?"

बाईंनी तिच्या डोळ्यांत धमकी शोधली. ती सापडली असती तर त्यांना किती बरं वाटलं असतं. पोर खरोखरच परवानगी मागत होती.