चिंचेनं घासलेलं निकेल

मॅनेजर सुधाकररावांनी माझ्यापुढे कागद सरकवला आणि माझ्या डोक्यात तिडीकच गेली. केमिस्ट इंदू मेश्राम यांच्या, म्हणजे माझ्याच, हलगर्जीपणामुळे तेलाचं तूप होत नाही, असं टाइप करून आणलं होतं. खाली माझी सही हवी होती. सही केली तर नोकरी जाणार, आणि नाही केली तर पक्की होण्याचं नाव नको.

सौंसरच्या त्या वनस्पती तुपाच्या कारखान्यात मी चौऱ्याऐंशी साली हंगामी होते. रोज पांढुर्ण्याहून बसनं यायचे. सरकीचं तेल तापवायचं, त्यात हायड्रोजन सोडायचा आणि ते निकेलच्या किसावरून फिरवायचं, की तेल गोठून तूप होतं. हा कीस जाळीच्या टोपल्यांत असतो, काळपट, खरखरीत, दिसायला अगदी ओंगळ. दसऱ्याला मी नागपूरला दीक्षाभूमीवर गेले होते. परतले तर टोपल्यांना झेंडूचे हार, आतला कीस लखलखीत, आणि दोन दिवसांपासून तेलाचं तेलच!

"मळकट यंत्राची पूजा करायची का?" सुधाकरराव म्हणाले. "देवाची भांडी घासतात तसं चिंचेनं घासून घेतलं. चांगलंच केलं ना?"

"वाटोळं केलंत! त्या खरखरीतपणातच तर सगळं काम होतं. सपाट भागातल्या अणूला सगळीकडून शेजारी असतात. काठावरच्या, पायरीवरच्या अणूला शेजारी कमी, म्हणून त्याचे हात मोकळे. हायड्रोजनची जोडी तोच धरतो आणि तोडतो. तुमच्या चिंचेनं त्या पायऱ्याच खाऊन टाकल्या."

"पुस्तकी गप्पा मला सांगू नका, बाई."

मी तणतणत टोपल्यांकडे गेले. तिथे कवडूभाऊ मान खाली घालून उभा होता. वीस वर्षांपासूनचा जुना कामगार.

"बाई, साहेबानं सांगतलं म्हणून घासून राहिलो होतो," तो म्हणाला. "शेवटच्या टोपलीले चिंच पुरली नाही. तिले नुसता हार घातला."

एकट्या त्या टोपलीनं सगळं तेल गोठणार नव्हतं, पण पुराव्याला ती पुरेशी होती. मी दोन छोटी भांडी घेतली. एकात चकचकीत कीस, दुसऱ्यात त्या शेवटच्या टोपलीतला काळा. तेल तेच, वायू तोच, आचही तीच. दुपारी सुधाकररावांना बोलावून दोन्ही भांडी निववली. काळ्या किसावरचं तेल पांढरं घट्ट झालं, त्यात चमचा उभा राहिला. दुसऱ्यातलं पळीवरून वाहत होतं.

सुधाकररावांनी चमचा हलवून पाहिला. मग त्यांनी खिशातून पेन काढलं, कागदावरचं माझं नाव खोडलं आणि वर कवडूभाऊचं लिहिलं.

"तुम्ही पक्क्या झालात समजा. साक्षीदार म्हणून सही करा."

कवडूभाऊ दारातच होता. "करा बाई," तो हळूच म्हणाला. "माहं काय, कुठंबी पोट भरीन."

त्याच्या त्या समजूतदारपणाचा मला सुधाकररावांपेक्षाही जास्त राग आला. मी त्याचंही नाव खोडलं. मॅनेजर सुधाकर यांच्या हुकमावरून निकेल घासलं गेलं, असं ठळक अक्षरात लिहिलं, सही ठोकली आणि कागद थेट मालकांच्या टेबलावर नेऊन आपटला.

मला आठवड्यात काढलं. त्या कागदामुळे कवडूभाऊला हात लावायची मात्र कुणाची छाती झाली नाही. आणि तो कीस पुन्हा खरखरीत कसा करायचा हे माझ्याशिवाय कुणालाच येत नव्हतं, त्यामुळे दिवाळी आली तरी त्यांचं तेल गोठलं नाही.