उकिरड्यावरून उठलेली बरणी

मी बरणी बोलतेय. चिनी मातीची, खांद्यापर्यंत तपकिरी आणि खाली पांढरी. गावातले काही लोक म्हणतात, मी बाटले. म्हणू देत. मी वीस वर्षं गप्प बसून त्यांचं ऐकलं, आज त्यांनी माझं ऐकावं.

साळूबाईंनी मला सांगलीच्या बाजारातून आणलं, एस.टी.त मांडीवर घेऊन. कृष्णाकाठच्या आमच्या गावात त्यांचं घर मोठं, ऊसवाल्यांचं. त्यांचे मालक लालासाहेब पलटणीतून परत आलेले. माझ्यात लिंबाचं लोणचं मुरायचं. अंघोळ केल्याशिवाय कुणी मला शिवायचं नाही, आणि पाळी आलेल्या बाईची तर सावलीसुद्धा माझ्यावर पडू द्यायची नाही. लोणचं नासतं म्हणे!

लोणचं कधीकधी नासायचं, हे खरं आहे. पण ते ओल्या चमच्यानं नासायचं. आणि तो चमचा असायचा खुद्द लालासाहेबांचा, जेवता जेवता चाटून पुन्हा माझ्यात घातलेला. मी बघत होते. पण बरणीला कोण साक्षीला बोलावतं?

चौऱ्याहत्तर सालच्या वैशाखात मी अंगणात उन्हाला ठेवलेली होते. घरचे सगळे लग्नाला गेलेले. सून येसूबाई तेवढी मागे राहिली, कारण तिचा दुसरा दिवस होता आणि ती परसातल्या खोपीत बसली होती. दुपारी वळवाचं वारं सुटलं, गारा तडतडायला लागल्या, माझ्या तोंडाचं फडकं उडालं. येसूबाई धावत आली. मला पोटाशी धरून तिनं सोप्यात नेलं, आणि स्वतः पुन्हा गारांत जाऊन खोपीत बसली.

ती गप्प राहिली असती तर कुणाला कळलंही नसतं. पण संध्याकाळी तिनंच सांगितलं.

"आत्याबाई, बरणी मी आत आणली. भिजली आसती."

"तू? आज?" साळूबाईंनी कपाळावर हात मारला. "भिजली आसती तर परवाडलं आसतं गं, बये!"

माझ्यात पाण्याचा थेंब गेला नव्हता. तरी मला येसूबाईच्या डोळ्यांदेखत लोणच्यासकट उकिरड्यावर भिरकावलं. काठाचा टवका उडाला तो तेव्हाचा. त्यानंतर त्या घरात दूध फाटलं तरी येसूबाईचा हात, दही आंबलं तरी येसूबाईचा हात. तिला चुलीपासून उठवून गोठ्यात आणि धुण्याला लावलं. नवरा फौजेत. तो पुढच्या वैशाखात सुट्टीवर आला की हिला कायमची पाटणला माहेरी धाडायची, असं साळूबाईंनी ठरवूनच टाकलं.

मला उकिरड्यावरून उचललं आकारामनं. बौद्धवस्तीतला हा माणूस म्हणजे पलटणीतला लांगरी, सैनिकांचा स्वयंपाकी. आता पेन्शनवर होता. त्यानं मला राखेनं घासलं, कढत पाण्यानं धुतलं.

त्याची बायको बनाबाई कुरकुरली, "आवं, लोकांनी टाकल्यालं कशाला आणायचं घरात?"

"टाकलंय कशापायी, ते तर दाव. कुठं फुटलीय?"

बनाबाईनं टवक्यावरून बोट फिरवलं आणि मला ओट्यावर ठेवलं.

पंचेचाळीस साली मोठी लढाई संपल्यावर आकारामची पलटण जपानात होती. तिथल्या एका म्हाताऱ्या स्वयंपाकिणीनं त्याला एक सॉस शिकवला होता. काळाभोर, गोड-खारट. निखाऱ्यावर भाजत्या मांसाला तो लावत राहायचा, की मांस आरशासारखं चकाकायचं. त्याला तेरियाकी म्हणतात. लालासाहेब त्याच पलटणीत होते. लंगरच्या रांगेत उभे राहून त्यांनी आकारामच्या हातचं ते मांस तीन-तीनदा मागून खाल्लेलं. मग गावी आले, आणि आकारामच्या घरचं पाणीही त्यांना चालेना.

त्या साली शेतकी खात्याच्या साहेबांनी सोयाबीनचं बी वाटलं होतं. पीक आलं, पण त्याचं करायचं काय हे कुणाला ठाऊक नव्हतं. लोकांनी ते म्हशींना घातलं. आकाराम मात्र दोन पायल्या मागून घेऊन आला. दाणे शिजवले, गहू भाजून भरडून त्यात कालवले, टोपलीत पसरून वर फडकं टाकलं. चार दिवसांनी बनाबाईनं फडकं उचललं आणि ओरडली, "आगं बया, नासलं की वं सगळं!"

"आता काळी बुरशी हाय, म्हंजी नासलंच," आकाराम म्हणाला. त्यानं ती टोपली फेकून दिली आणि पुन्हा दाणे शिजवले. दुसऱ्या खेपेला बुरशी पिवळसर हिरवी आली. "ही बघ. हिलाच नासणं म्हंतील लोक. जपानात हिची वाट बघत्यात."

ते सगळं मिठाच्या पाण्यासकट माझ्यात आलं. दिवाळीपासून मी उन्हात बसले. आकाराम रोज ढवळायचा. आधी वास उग्र होता, शिमग्यापर्यंत तो खमंग झाला. मला एवढा अभिमान लोणच्याचाही कधी वाटला नव्हता.

येसूबाई धुणं घेऊन नदीला जायची, ती आकारामच्या दारावरूनच. एक दिवस थबकली. टवक्यावरून तिनं मला ओळखलं. मग रोज थांबू लागली, रोज विचारू लागली, आणि आकाराम तिला सगळं सांगू लागला.

चैत्र सरता सरता आकारामनं माझ्यातला रस गाळला, मला धुऊन वाळवलं आणि तो पुन्हा माझ्यातच भरला. चुलीवर कढई चढली. काकवी, आलं आणि लसूण तयार होतं. जपानी लोक तांदळाची गोड दारू घालतात. इथं काकवीनंच भागवायचं होतं. बनाबाईनं येसूबाईपुढं पळी धरली. "घे लेकी, तूच काढ रस."

"मावशी, आज माझा तिसरा दिवस हाय."

बनाबाईची पळी मागं सरली. हो, याही घरात! मी लपवणार नाही.

"मग... परवा ये की. न्हाऊन ये."

"परवा येऊन काय कळंल?" येसूबाई जागची हलली नाही. "माझ्या हातानं नासतंय म्हंत्यात. नासायचं तर आज नासू दे. निदान मला तरी कळू दे, मावशी!"

सहा महिन्यांची आकारामची मेहनत माझ्यात होती. तो निखारे फुंकत राहिला. बनाबाईनं त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग स्वतःच्या हातानं माझं फडकं सोडलं.

"घाल हात. नासलं तर माज्या नावावर."

निम्मा रस येसूबाईनं कढईत आटवला, पळीला चिकटेपर्यंत. निम्मा माझ्यात राहिला. पंधरा दिवस मी तो सांभाळला. बुरशीचा एक पांढरा ठिपका येऊ दिला नाही.

सोळाव्या दिवशी आकारामनं त्या उरलेल्या रसाचा सॉस केला आणि माझ्यात भरला. कोंबडी निखाऱ्यावर चढली. वास वाऱ्याबरोबर वर गावात गेला असावा, कारण लालासाहेब वाटेवर येऊन उभे राहिले.

"आकाराम, गड्या, वाटीभर दे की. मागल्या दारानं पाठीव."

"जपानात मागलं दार नव्हतं, लालासाब. हितं बसून खायाचं."

लालासाहेब घुटमळले. तेवढ्यात आतून येसूबाई दारात आली, हातात थाळी.

"मामंजी, बरणी वळखली? तीच हाय. पंधरा दिसांमागं माज्या तिसऱ्या दिशी ह्यातला रस मी काढलाय. बघा नासलाय का. नासला आसंल तर मी आजच पाटणची गाडी धरती."

लालासाहेबांनी माझा टवका न्याहाळला. मग पायरीवर बसले. एक तुकडा खाल्ला, दुसरा खाल्ला. "मीठ कमी हाय," म्हणाले.

"तवाबी आसंच म्हणायचा," आकाराम म्हणाला, "आन् तीनदा मागायचा."

लालासाहेबांनी चमचा चाटला आणि सरळ माझ्यात घालायला गेले.

"आवं, आवं!" बनाबाई कडाडली. "ओला चमचा घालू नगा! नासंल की!"

त्यांचा हात तसाच हवेत थांबला. चेहऱ्यावरचा रंग उतरला. चमचा थाळीत ठेवून ते उठले आणि घराकडं चालू लागले.

पुढचं येसूबाईनं दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं. रात्री पानावर बसल्यावर लालासाहेब साळूबाईंना म्हणाले, "पोरीच्या हाताला कायबी झाल्यालं न्हाई. लोणच्यात ओला चमचा मी घालत हुतो. वीस वर्सं." सकाळी चुलीपुढचा पाट साळूबाईंनी सुनेकडं सरकवला.

मला परत आणायला त्यांनी निरोपही धाडला होता. येसूबाईनंच नको म्हणून सांगितलं. "ती तितंच बरी हाय, आत्याबाई. नवी घिऊ. तिचं फडकं मी बांधीन, पाळीच्या तिन्ही दिसांतबी."

आज मी आकारामच्या ओट्यावर आहे, टवका तसाच. नव्या सोयाबीनची वाट बघतेय. ज्यांना मी बाटलेली वाटते त्यांनी खुशाल यावं. या, बसा, झाकण उघडा. माझ्यात कुणीही हात घालावा. फक्त चमचा कोरडा आणा.