पत्र्याच्या पेटीतला राऊटर

आमचा राऊटर पत्र्याच्या पेटीत राहायचा. अप्पा तारिहाळला पत्राकामाच्या कारखान्यात आहेत, त्यामुळे घरात नवी वस्तू आली की आधी तिची पेटी होते. मिक्सरला पेटी, इस्त्रीला पेटी. राऊटरची तर खास! निळा रंग, चारी बाजूंनी रिव्हेट, हवेसाठी ओळीनं भोकं.

आणि रविवारी चारला माझी मॅच होती. शाळा-शाळांची ऑनलाइन फुटबॉल स्पर्धा, टीममध्ये मी आणि वर्गातली श्रीनिधी. दोनदा कनेक्शन तुटलं की टीम बाद. शनिवारी ती आपला कन्सोल घेऊन आली, आम्ही दोन्ही लावून बघितले. पाच मिनिटांत माझा खेळाडू गोलसमोर पुतळ्यासारखा उभा! आणि श्रीनिधीला तर मॅचमध्ये घेईनाच.

"गौतमी, नाव काढून घे," माझा मोठा भाऊ प्रशिकअण्णा दारातूनच हसला. "उद्या मी पण आत खेळणार आहे. तीन कन्सोल कसे चालवतीस बघतो."

मी मोबाईल घेऊन घरभर फिरले. पेटीपासून चार पावलांवर रेंजची एकच कांडी. म्हणजे गुन्हेगार कोण ते कळलं, पण अप्पांना सांगायचं कसं?

"अप्पा, तुमची पेटी रेंज अडवतीय."

अप्पांनी पेपर खाली ठेवला. "भोकं पाडलीत की मी."

"भोकांतनं हवा जाते अप्पा, नेट नाही जात."

"सिद्ध कर."

केलं! माझ्या मोबाईलचा हॉटस्पॉट चालू करून तो मिक्सरच्या पेटीत ठेवला, झाकण लावलं आणि अप्पांना त्यांचा मोबाईल घेऊन लांब उभं केलं. कांड्या गळाल्या. झाकण काढलं, परत आल्या. अप्पांनी चार वेळा झाकण लावायला सांगितलं. मग ड्रिल आणलं आणि राऊटरच्या पेटीला स्वतःच्या हातानं मारलेले रिव्हेट एकेक करून उडवले.

राऊटरच्या पाठीवर पासवर्डचा स्टिकर होता, इतके महिने पेटीत बंद! तो टाकून मी सेटिंग उघडली. प्रत्येक कन्सोलला त्याचा कायमचा वेगळा पत्ता दिला, गेमसाठीची वाट आपोआप उघडणारी यूपीएनपी सेटिंग चालू केली. राऊटर कपाटावर उंच ठेवला आणि माझ्या कन्सोलला सरळ केबल ओढली. श्रीनिधी नुसती "सूपर, सूपर" करत होती.

रविवारी चारला तिन्ही कन्सोल चालू. आत अण्णाच्या गाड्या घूं घूं करतायत, बाहेर आम्ही दोघी. सत्तराव्या मिनिटाला एक-एक. माझा सगळा जीव स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या नेटच्या खुणेवर. ती हिरवी ती हिरवीच! ऐंशीव्या मिनिटाला श्रीनिधीनं पास दिला, मी चेंडू आत घातला आणि आम्ही दोघी इतक्या जोरात ओरडलो की अप्पा धावत आले.

"येनातव्वा, काय झालं? तुटलं?"

"नाही अप्पा, जिंकलो!"

अप्पांनी आतल्या खोलीत डोकावून विचारलं, "प्रशिक, तुझं?"

"चालू आहे," अण्णा म्हणाला. मग मान न वळवताच: "एकदाही अडकलं नाही."

"नेट कुणी बसवलंय मग!" अप्पा मोठ्यांदा म्हणाले. अगदी शेजारी ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा.